इंडिकेटरवाल्या साहेबांना खुलं पत्र: माझ्या आत्याला पूल ओलांडायला सहा मिनिटं लागतात

नमस्कार साहेब,

(किंवा मॅडम. स्पीकरवरचा आवाज तर बाईंचाच असतो, पण बटण कोण दाबतं ते आम्हाला कधी दिसलं नाही.)

मुंबई लोकलच्या इंडिकेटरबद्दल (म्हणजे प्लॅटफॉर्मवरचा गाडीची वेळ दाखवणारा बोर्ड) आणि अनाउन्समेंटबद्दल हे पत्र नक्की कोणाला लिहायचं यातच माझा अर्धा तास गेला. स्टेशन मास्तरांना विचारलं तर ते म्हणतात अनाउन्समेंट आमच्याकडे नाही, कंट्रोलकडून येते, तिकीट खिडकीवरचे म्हणतात चौकशीला जा आणि चौकशीच्या खिडकीवर पाटी, "जेवणाची वेळ". म्हणून सगळ्यांना मिळून एकच लिहितेय, ज्याचं काम असेल त्याने वाचावं. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर तुम्ही त्या एका स्टेशनला खुलासा मागाल, तिथला एक बिचारा क्लार्क उत्तर लिहील आणि फाईल बंद. हा काही एका स्टेशनचा प्रॉब्लेम नाहीये. मी लग्नाआधी एका लाइनवर होते, लग्नानंतर दुसऱ्या, सतरा वर्षं पास काढतेय, दोन्हीकडचं भोगून झालंय.

तर झालं असं. माझी आत्या चिपळूणची, वय ६८. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे करून घेतलं आणि तपासणीसाठी माझ्याकडेच राहिलीय. पहिल्या तपासणीला माझं ऑफिसात ऑडिट, सुट्टी मिळेना, तर आत्या म्हणाली मी जाते एकटी, काय चंद्रावर जायचंय का. मी तिला प्लॅटफॉर्मवर नेऊन उभं केलं, सांगितलं की आत्या, या बाजूला जी लागेल ती स्लो, सगळीकडे थांबणारी, सहावं स्टेशन तुझं, फास्ट त्या स्टेशनला थांबतच नाही तेव्हा फास्टमध्ये अजिबात चढू नकोस. एवढं सांगून मी माझी गाडी पकडली. चूक माझी पण आहेच, मी थांबायला हवं होतं.

आता तो प्लॅटफॉर्म कसा आहे बघा. मधे एक पट्टा, एका बाजूला स्लो लागते, दुसऱ्या बाजूला फास्ट. वर स्पीकर दोन्हीकडचे. इकडची अनाउन्समेंट मराठीत चालू असताना तिकडची हिंदीत सुरू होते आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जे काही ऐकू येतं ते म्हणजे "प्लॅटफॉर्म क्रमांक दो... प्लेटफॉर्म नंबर तीन पर आने वा... लोकल ही धीमी... तेज लोकल है". मी स्वतः दुसऱ्या दिवशी तिथे मुद्दाम दहा मिनिटं उभी राहून ऐकलंय, अतिशयोक्ती करत नाहीये. आत्याने "धीमी" ऐकलं, समोर गाडी लागलेली होती, बायका चढत होत्या, ती पण चढली. ती फास्ट होती.

तिचं स्टेशन खिडकीतून असं सर्रकन गेलं. संध्याकाळी सांगत होती, "अगो, पाटी वाचली मी, नवीन डोळ्याने बरोब्बर वाचली, पण गाडी थांबेल तर ना." चार स्टेशनं पुढे गेल्यावर एका कॉलेजच्या मुलीने तिला उतरवलं, तिच्या फोनवरून मला फोन लावून दिला, परत उलट्या दिशेच्या स्लोमध्ये बसवून दिलं आणि डब्यातल्या दुसऱ्या बाईला सांगितलं की मावशींना अमुक स्टेशनला उतरवा. आत्या दवाखान्यात पोचली साडेअकराला, तोवर नंबर देणं बंद. दोन आठवड्यांनंतरची तारीख.

साहेब, हे जे त्या मुलीने केलं ना, ते खरं तर तुमचं काम आहे. आणि मुंबईत ते रोज, प्रत्येक स्टेशनवर, फुकटात पब्लिकच करतंय. "भाऊ ही फास्ट आहे का", "ताई ठाण्याला थांबेल का", "स्टेशन कुठल्या साइडला येणार", हे प्रश्न तुम्ही कधी मोजलेत? इंडिकेटर डोक्यावर लटकतोय आणि माणूस त्याच्याच खाली उभा राहून शेजारच्याला विचारतोय, याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको.

इंडिकेटरचंच घ्या. आम्हा रोजवाल्यांना तो वाचता येतो कारण आम्ही तो वाचतच नाही, आम्हाला आधीच माहीत असतं. ९:०६ म्हणजे कुठली, ९:१४ म्हणजे कुठली, तिला गर्दी किती, हे आम्हाला पाठ. इंडिकेटरवर आम्ही फक्त मिनिटं बघतो. पण नवीन माणसाला काय दिसतं? एक वेळ, मग एक-दोन इंग्रजी अक्षरं, मग एफ नाहीतर एस, मग मिनिटं. एफ म्हणजे फास्ट, एस म्हणजे स्लो, ठीक आहे, हे एकवेळ कळेल. पण गाडी कुठे जाणार त्या अक्षरांतही एस आहे आणि तो एस म्हणजे कर्जत! कर्जतच्या नावात एस कुठून आला? तर कल्याणच्या पुढे दोन फाटे फुटतात, कसाऱ्याकडचा नॉर्थ-ईस्ट आणि कर्जतकडचा साउथ-ईस्ट, म्हणून कसारा एन आणि कर्जत एस. हे मला नोकरी लागल्यावर नऊ वर्षांनी ट्रेनमधल्या एका रिटायर व्हायला आलेल्या काकूंनी सांगितलं. तोपर्यंत मी एस बघून कर्जत ओळखत होते पण का ते माहीत नव्हतं. हे सगळं ऐकायला मजेशीर आहे, पण जो माणूस आज पहिल्यांदा चाललाय त्याने कुठली काकू शोधायची?

नवीन इंडिकेटरवर नाव मराठी, हिंदी, इंग्रजी आळीपाळीने येतं हे मान्य आहे, चांगलंच आहे. पण ज्या क्षणी माणूस मान वर करतो त्या क्षणी नेमकं त्याला न येणाऱ्या भाषेतलं चालू असतं, मग तो थांबतो, तेवढ्यात खालच्या ओळीत अक्षरं सरकायला लागतात, ही गाडी अमुक अमुक स्टेशनवर थांबणार नाही, आणि ती ओळ एवढी पळते की आत्यासारखीने पहिलं नाव लावेपर्यंत तिसरं निघून जातं. आणि मला एक कळत नाही की न थांबणाऱ्या स्टेशनांचीच यादी का? माणूस जिथे जायचंय ते नाव शोधत असतो. "थांबणार नाही"च्या यादीत नाव दिसलं नाही म्हणजे थांबणार, असं उलटं गणित गर्दीत, घामात, पिशवी सांभाळत कोण करणार? नुसतं "थांबे: दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे" एवढं लिहा ना.

शिवाय फास्ट म्हणजे कुठून कुठपर्यंत फास्ट हे वेगळंच. विरार फास्ट बोरिवलीपर्यंत मोजक्या स्टेशनांना थांबते आणि पुढे दहिसर, मीरा रोड, भाईंदर सगळीकडे थांबत जाते. मग तिला फास्ट म्हणायचं की स्लो? आणि संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचं म्हणून चढायचं नसतं, चढलात तर उतरणं तुमच्या नशिबावर, हे कुठल्या इंडिकेटरवर लिहिलंय? (हे तुम्ही लिहू शकणार नाही हे मला पण माहीत आहे, राहू दे.)

आता दुसरी तपासणी. या वेळी मी हाफ डे टाकला आणि स्वतः गेले आत्याबरोबर. वीस मिनिटं आधी पोचलो. दोन नंबरवर स्लो येणार असं इंडिकेटर दाखवत होता, ८ मिनिटं, मग ५, मग ३. हे ३ बरंच वेळ ३च राहतात तो भाग सोडा. आत्या बाकावर बसलेली, मी उभी. आणि गाडीचा हॉर्न ऐकू यायला लागल्यावर, म्हणजे अक्षरशः हॉर्न वाजल्यावर, बाईंचा आवाज आला: प्लॅटफॉर्म क्रमांक दोनवर येणारी लोकल आज प्लॅटफॉर्म क्रमांक चारवर येत आहे. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. इंग्रजी संपायच्या आत गाडी चार नंबरवर उभी होती.

तुम्ही कधी पाहिलंय का साहेब, प्लॅटफॉर्म बदलल्यावर काय होतं? एसी केबिनमधून नाही, जिन्यावरून. तीन-चारशे माणसं एकदम वळतात, जिना एकच, वरून उतरणारी माणसं आहेत, खालून चढणारी आहेत. एका काकांच्या हातातला डबा पडला आणि पोळीभाजी पायऱ्यांवर, त्यांनी खाली वाकून बघितलं पण नाही, वाकले असते तर तुडवलेच गेले असते. आणि तरणी पोरं? ती काय जिन्याकडे बघतच नाहीत, सरळ रुळांवर उड्या. पाच-सहा जण तर माझ्या डोळ्यांसमोर गेले. आणि लगेच त्याच स्पीकरवर तोच प्रेमळ आवाज, रेल्वे रूळ ओलांडणे हा दंडनीय अपराध आहे. बरोबरच आहे, १९८९च्या रेल्वे कायद्यात कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पोरांनी उडी मारणं चूक म्हणजे चूकच, मी त्यांची बाजू घेत नाहीये. पण उडी मारायची वेळ कोणी आणली हे पण एकदा त्याच स्पीकरवर सांगा की.

आम्ही अर्थातच उडी मारली नाही. आत्याला घेऊन जिना चढले, पूल, मग जिना उतरले. मोबाईलवर घड्याळ लावलं होतं, सहा मिनिटं लागली. मी एकटी असते तर दोन. गाडी कधीच गेलेली.

आता तुम्ही म्हणाल सिग्नलचं असतं, एखादी एक्स्प्रेस मधे येते, ऐनवेळी लाइन बदलावी लागते. मान्य, शंभर टक्के मान्य. रोज तीन हजारांच्या वर फेऱ्या, त्याच रुळांवरून मेल एक्स्प्रेस, मालगाड्या, ही कसरत जगात फार कमी ठिकाणी होत असेल आणि तुम्ही ती करता हे मी कधीच नाकारत नाही. माझा एक चुलत दीर रेल्वेत आहे, त्याच्याकडून ऐकलंय की कंट्रोलला भिंतभर स्क्रीन असते आणि कुठली गाडी कुठल्या सिग्नलला उभी आहे ते सगळं तिथे दिसतं. मग गाडीला चार नंबरवर घ्यायचं हे जेव्हा ठरतं तेव्हा ती गाडी मागच्या स्टेशनच्या आसपास तरी असेल ना? रूट आधी लागतो, गाडी मग येते. म्हणजे तुम्हाला आधी कळतंच. जे तुम्हाला कळलंय ते आम्हाला हॉर्नबरोबर का कळतं, एवढाच माझा प्रश्न आहे, बाकी उशीर वगैरे त्याची आम्हाला सवय आहे.

उशिराचं निघालंच म्हणून सांगते. "तांत्रिक कारणामुळे" हा शब्द आता बंद करा प्लीज. ओव्हरहेड वायर तुटली, पेंटाग्राफ (गाडीच्या टपावरचा, वायरला टेकणारा सांगाडा) अडकला, थंडीत रूळ आकसून तडा गेला, कोणी चेन ओढली, यातलं प्रत्येक कारण वेगळं आहे आणि रोजच्या माणसाला त्यावरून बरोब्बर अंदाज येतो. चेन ओढली म्हणजे पाच-दहा मिनिटं, थांबू या. वायर तुटली म्हणजे आज काही खरं नाही, बेस्टची बस पकडा नाहीतर घरी फोन करून भात टाकायला सांगा. कारण कळलं की माणूस निर्णय घेतो. "तांत्रिक कारण" ऐकलं की तो तिथेच उभा राहतो आणि पाठीमागून अजून दोनशे माणसं येऊन उभी राहतात, मग गर्दी झाली म्हणून तुमचेच पोलीस येऊन शिट्ट्या मारतात.

दोन स्टेशनांच्या मधे गाडी उभी राहते तेव्हा तर कहर असतो. पंखे घरघरतायत, बाहेर नाला, आत तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर बसलेलीचा एक पाय बाहेर, आणि पंचवीस मिनिटं एक शब्द नाही. डब्यात स्पीकर आहे, एरवी तो "पुढील स्टेशन" सांगत असतोच (कधी कधी एक स्टेशन मागचं सांगतो, एकदा तर आमची गाडी उलटी चाललीय असं वाटावं इतक्या आत्मविश्वासाने सगळी स्टेशनं उलटी सांगत गेला, सगळा लेडीज डबा हसत होता). पण गाडी अडकली की तोच स्पीकर मौनव्रतात. गार्डसाहेबांना, आता २०२२पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं ना, त्यांना माइकवर दोन वाक्यं बोलता येणार नाहीत का? "पुढे सिग्नल नाही, दहा मिनिटं लागतील, खाली उतरू नका." बस एवढंच. २६ जुलै २००५ला मी कॉलेजात होते, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं, मी रुळांवरून चालत घरी आले आणि त्याबद्दल मला कधी तक्रार करावीशी वाटली नाही. तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत असून सांगत नाही, हा फरक आहे.

ॲप बघा, हे उत्तर मला तोंडी मिळालंय, म्हणून त्याबद्दल पण लिहिते. यात्री ॲप आहे माझ्याकडे, २०२२पासून त्यात गाडी कुठे आहे ते लाइव्ह दिसायला लागलं, मी वापरते, बऱ्याचदा उपयोगी पडतं. पण आत्याकडे बटणाचा फोन आहे. आणि प्लॅटफॉर्मवर नवऱ्याचा हात धरून उभी असलेली गावची बाई, मार्केटला निघालेला टोपलीवाला, परीक्षेला पहिल्यांदा एकटं निघालेलं पोर, ज्यांना माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्याच हातात ॲप नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांना तसंही सगळं पाठ असतं.

एसी लोकलचं पण एक आहेच. २५ डिसेंबर २०१७ला पहिली धावली, आता बऱ्याच झाल्यात, उन्हाळ्यात देवासारखी वाटते. पण साध्या गाडीच्या वेळेवर कधी एसी येते, एसीच्या वेळेवर कधी साधी, आणि ते कळतं कधी, तर दरवाजे समोर येऊन उघडल्यावर. एसीचा पास काढलेली माझी मैत्रीण साध्या डब्यात लोंबकळत जाते आणि साधं तिकीट घेतलेला माणूस गोंधळून आत शिरतो, दरवाजे आपोआप बंद होतात, पुढे टीसी उभाच. दंड त्याने भरायचा.

सगळं वाईटच लिहितेय असं नाही हं. डिसेंबर २०२३मध्ये दादरच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले ते मला मनापासून आवडलं. आधी वेस्टर्नला पण एक नंबर आणि सेंट्रलला पण एक नंबर, फोनवर "एक नंबरला उभी आहे" म्हटलं की समोरचा विचारायचा, कुठल्या एक नंबरला? अर्ध्या लोकांची भेटच व्हायची नाही. मग वेस्टर्नचे एक ते सात तसेच ठेवले आणि सेंट्रलचे आठपासून चौदापर्यंत केले. एवढी साधी गोष्ट, रंग आणि पाट्यांचा काय तो खर्च. पहिले काही महिने लोक शिव्या घालत होते, आता सगळे सवयीने आठ नंबर म्हणतात. म्हणजे तुम्हाला जमतं. कोणीतरी साहेब एकदा पुलावर उभा राहून गोंधळलेला माणूस बघत असणार, त्याशिवाय हे सुचणार नाही.

तर त्या साहेबांना माझी विनंती आहे की अजून एकदा पुलावर या. दोन बाजूंचे स्पीकर एकाच वेळी बोलणार नाहीत एवढं बघा, एक संपल्यावर दुसरा. "थांबणार नाही"च्या जागी "थांबेल" लिहा आणि ती ओळ जरा हळू सोडा. बाकी अक्षरांचं कोडं, एसीची अदलाबदल हे सावकाश केलंत तरी चालेल. पण प्लॅटफॉर्म बदलण्याचं तेवढं आधी बघा.

आत्याची पुढची तपासणी येत्या १४ तारखेला आहे. मला म्हणाली आहे की तू नको येऊस, उगाच रजा नको, मी जाईन, आता मी तिघींना विचारते आणि तिघींनी सेम सांगितलं तरच चढते. सकाळी नऊच्या सुमाराला ती दोन नंबरवर इंडिकेटरच्या खाली बाकावर बसलेली असेल, हिरवी नऊवारी, काळा गॉगल आणि हातात चिपळूणच्या दुकानाची कापडी पिशवी. त्या दिवशी गाडी चार नंबरवर घ्यायची झाली तर घ्या. फक्त सहा मिनिटं आधी सांगा.

तुमची एक पासधारक,
लेडीज सेकंड क्लास, मधला डबा